बल सरळ रेषेत लागतं, मग वस्तू गोल का फिरते?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. लेक अकरावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. 'लॉज ऑफ मोशन'च्या धड्यात टॉर्क (बल गुणिले अक्षापासून बलाच्या रेषेचं लंब अंतर) शिकवून झाला. सूत्र पाठ आहे, गणितंही सुटतात. पण काल जेवताना तिने विचारलं, "आई, न्यूटनचा नियम म्हणतो बल ज्या दिशेला, त्वरण त्याच दिशेला. मग दार ढकललं की ते वळतं कसं? सरळ पुढे का जात नाही? आणि बलाला अंतरानेच का गुणायचं? अंतराच्या वर्गाने का नाही?"

शिकवणीत म्हणे "तशी व्याख्याच आहे" असं उत्तर मिळालं. तिला ते पटलेलं नाही, आणि मलाही नाही. व्याख्या कुणीतरी काहीतरी बघूनच केली असणार ना? सूत्र माहीत आहे, त्याच्या मागचं हवं आहे. जाणकारांनी सवडीने लिहावं.

निवृत्त_मास्तर

ताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. हा प्रश्न पडल्याशिवाय हा धडा कळला असं म्हणताच येत नाही.

आधी पहिला भाग. दाराच्या फळीतला एकेक कण सुटा धरा. प्रत्येक कण न्यूटनचा दुसरा नियम पाळतो, बाकी कुठल्याही नियमाशी त्याचा संबंध नाही. तुम्ही कडेला हात लावून ढकलता तेव्हा फक्त हाताखालचे कण थेट ढकलले जातात. ते सरकू लागले की शेजारच्यांना ओढतात, ते त्यांच्या शेजारच्यांना, आणि ही ओढ पार बिजागरीपर्यंत पोचते. तिथे लाकूड स्क्रूने जखडलेलं आहे. फळीची रुंदी तर वाढतही नाही आणि आटतही नाही. एक कड जखडलेली, अंतर बदलायची सोय नाही, अशा वेळी दुसऱ्या कडेला जायला वर्तुळाखेरीज वाटच उरत नाही. प्रत्येक कणाला त्या वर्तुळावर ठेवणारं बल शेजारचे कण पुरवतात. तुमचा हात सरळच ढकलतो. वळवण्याचं काम फळी आणि बिजागरी मिळून करतात.

न्यूटनने फिरण्याचा उल्लेखच केला नाही, असंही नाही बरं का. १६८७च्या त्याच्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात पहिल्या नियमाखालच्याच स्पष्टीकरणात भोवऱ्यासारख्या फिरत्या वस्तूचं उदाहरण आहे: तिचे भाग एकमेकांना धरून असल्यामुळे सतत सरळ रेषेवरून बाजूला ओढले जातात. लेकीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. घन वस्तूच्या फिरण्याचं पूर्ण गणित मात्र गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात बसवलं.

आता अंतर. दाराच्या दोन बाजूंना दोन माणसं उभी करा. एक बिजागरीपासून २० सेंटिमीटरवर ढकलतोय, दुसरा पलीकडून ८० सेंटिमीटरवर. दार कुणाचं ऐकेल? समजा दार १ अंश वळलं. २० सेंटिमीटरवरचा हात साधारण साडेतीन मिलिमीटर सरकेल, ८० वरचा १४ मिलिमीटर, म्हणजे चौपट. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. आतल्या माणसाने २०० न्यूटन लावले आणि बाहेरच्याने ५०, तर दोघांचं कार्य ०.७ ज्यूल, सारखंच. एकाने घातलेली ऊर्जा दुसरा काढून घेतो, दाराला वळायला काही उरत नाही. ते जागचं हलत नाही.

म्हणून अंतराने गुणायचं. कोन तोच राहिला तर कंसाची लांबी त्रिज्येच्या पटीत वाढते, वर्गाच्या पटीत नाही. वर्गाने गुणायचं असतं तर ८० वरच्या माणसाला साडेबारा न्यूटनच पुरले असते, आणि दार वळल्यावर जितकी ऊर्जा एकाने घातली त्याहून जास्त दुसऱ्याकडून निघाली असती. तसं होत नाही.

लंब अंतर का, हेही इथेच सुटतं. फळीच्या कडेवरून बिजागरीच्या दिशेने कितीही जोर लावा, हात त्या दिशेने सरकतच नाही. कार्य शून्य, वळणं शून्य.

कडीपत्ता

मास्तर, बिजागरीचं पटलं. पण बिजागरीच नसेल तर? कॅरम बोर्डावर पावडर टाकून फूटपट्टी ठेवा. मधोमध टिचकी मारली तर पट्टी सरळ पुढे जाते. टोकाला मारली तर गरगर फिरते आणि पुढे कमी जाते. हे मी लहानपणापासून पाहत आलोय. इथे तर जखडणारं कुणीच नाही. मला वाटतं बल वाटलं जातं: थोडं पुढे नेण्यात खर्ची पडतं, थोडं फिरवण्यात. आम्हाला डिप्लोमाला असंच सांगितलं होतं.

निवृत्त_मास्तर

हा समज इतका पसरलेला आहे की त्यासाठी वेगळं लिहायला हवं. बल वाटलं जात नाही. बल खर्चही होत नाही. खर्च होते ती ऊर्जा.

सगळ्या कणांसाठी दुसरा नियम लिहा आणि बेरीज करा. कण एकमेकांवर लावतात ती बलं जोडीजोडीने समान आणि विरुद्ध, म्हणून बेरजेत ती पुसली जातात. उरतं फक्त बाहेरचं बल. बेरीज सांगते: वस्तुमान केंद्राचं (सगळं वस्तुमान जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, पट्टीचा मध्य) त्वरण म्हणजे बाहेरचं एकूण बल भागिले एकूण वस्तुमान. बल कुठे लावलं, हे या वाक्यात कुठेच येत नाही. टोकाला लावा नाहीतर मध्यावर, तेवढंच बल तेवढाच वेळ लावलं तर पट्टीचा मध्य तेवढाच वेग घेणार. फिरणं हे त्याच्या वर.

आकडे देतो. सरळ, सगळीकडे सारख्या जाडीची पट्टी घ्या. एका टोकाला लंब दिशेने झटका (बल गुणिले वेळ) द्या. तोच झटका मध्यावर दिला असता तर सगळी पट्टी ज्या वेगाने गेली असती त्याला 'एक' म्हणू. टोकाला दिल्यावरही मध्याचा वेग एकच. झटका दिलेल्या टोकाचा वेग चार. आणि पलीकडचं टोक दोनच्या वेगाने उलट दिशेला, म्हणजे झटका देणाऱ्याकडे. लेकीला करायला सांगा: दांड्याचं मध्याभोवतीचं जडत्व आघूर्ण (फिरवायला होणारा विरोध) म्हणजे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले बारा. चार ओळींत उत्तर येतं.

कडीपत्ता

मग ऊर्जेचं काय? पुढे जाण्याची ऊर्जा दोन्हीकडे तीच, शिवाय टोकाला मारल्यावर फिरण्याची ऊर्जा वेगळी. ती फुकट आली का? आणि माझ्या डोळ्यांना पट्टी कमी पुढे गेलेली दिसते, त्याला काय उत्तर?

सहजच

कडीपत्ता, दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि दोघांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे: बल लागतं तो बिंदू किती सरकला?

मास्तरांचेच आकडे घ्या. झटका तेवढाच, पण टोक चौपट वेगाने पळतं. म्हणजे बल लावणारं बोट टोकाबरोबर चौपट अंतर गेलं, कार्य चौपट झालं. पट्टीच्या ऊर्जेचा हिशोब करा: पुढे जाण्याची ऊर्जा एक भाग, फिरण्याची तीन भाग. बेरीज चार. फुकट काहीच आलेलं नाही, बोटाने जास्त काम केलं.

आता डोळ्यांना कमी का दिसतं. टोक चौपट सहज सरकतं, याचा अर्थ बोटाला तिथे पट्टी चौथा हिस्सा वजनाची असल्यासारखी जाणवते. हलक्या वस्तूला टिचकी मारली की ती लगेच बोटापासून सुटते, बोट तिला पूर्ण झटका देऊच शकत नाही. आपण 'तशीच टिचकी' मारली असं समजतो, प्रत्यक्षात टोकाला झटका कमी मिळालेला असतो. तुलना करायची तर बोटाची टिचकी सारखी असून भागत नाही, झटका सारखा हवा.

तो सारखा ठेवून केलेला एक प्रयोग आहे. लाकडाच्या ठोकळ्यात खालून उभी गोळी झाडतात. एकदा बरोबर मध्यात, एकदा कडेला. दोन्ही वेळा गोळी ठोकळ्यातच रुतते, म्हणजे तिचा सगळा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) ठोकळ्याला मिळतो. कडेला लागलेला ठोकळा गरगरत वर जातो, मध्यात लागलेला न फिरता. उंची दोघे सारखीच गाठतात. फिरण्याची जादा ऊर्जा येते गोळीच्याच ऊर्जेतून. तिचा फार मोठा भाग एरवी लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत जातो. कडेला लागल्यावर तिथे किंचित कमी जातो, एवढाच फरक.

मास्तरांच्या बेरजेला एक पुरवणी जोडतो. वस्तुमान केंद्रासाठी आतली बलं पुसली जायला ती समान आणि विरुद्ध असली की पुरे. पण आघूर्णांच्या, म्हणजे टॉर्कच्या, बेरजेतून आतली बलं जायला ती दोन कणांना जोडणाऱ्या रेषेवरही असावी लागतात. तशी नसती तर टेबलावर ठेवलेलं पुस्तक आपोआप फिरू लागलं असतं. बारावीपर्यंत हे सहसा कुणी सांगत नाही, पण लेक ज्या तऱ्हेचे प्रश्न विचारतेय त्यावरून ती इथेही येणार.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. आज दुपारी कॅरम बोर्ड काढला. मास्तर, तुमचे आकडे लेकीने सोडवले आणि एक पायरी पुढे गेली. झटका दिलेलं टोक पुढे चारने, दुसरं टोक मागे दोनने, तर मध्ये कुठेतरी शून्य असणारच. ते तिने काढलं: मारलेल्या टोकापासून दोन तृतीयांश लांबीवर. ३० सेंटिमीटरची पट्टी असेल तर २० वर.

आमची प्लास्टिकची पट्टी प्रत्यक्षात ३०हून थोडी लांब आहे, दोन्ही टोकांना कोरी जागा असते. म्हणून पूर्ण लांबी मोजून तिचे तीन भाग केले आणि दोन भागांवर मार्करने ठिपका दिला. बोर्डावर बोरिक पावडर, ठिपक्याच्या अगदी शेजारी पट्टीला न टेकता एक सोंगटी खूण म्हणून ठेवली आणि स्ट्रायकर पट्टीच्या टोकावर आडवा मारला. फोनवर स्लो मोशनमध्ये घेतलं. सुरुवातीच्या क्षणांत ठिपका सोंगटीपाशीच राहतो, पट्टी त्याच्याभोवती वळते आणि मग सगळीच पुढे सरकू लागते. मागचं टोक झटक्याच्या उलट दिशेला येताना तर साध्या डोळ्यांनीही दिसतं. लेकीने तो व्हिडिओ आजोबांना, शेजारच्यांना, सगळ्यांना दाखवला.

तिचा पुढचा प्रश्न: बिजागरी नसताना पट्टीने स्वतःची बिजागरी तयार केली असं म्हणायचं का?

निवृत्त_मास्तर

म्हणायचं, पण क्षणापुरती. पट्टी वळली की ती जागा बदलते. टिकून राहतो तो वस्तुमान केंद्राचा सरळ मार्ग.

आता तिला उलट करून बघायला सांगा. झटका त्या ठिपक्यावर द्या. स्थिर कोण राहील? ठिपक्यापासून दूरचं टोक, जिथे आधी स्ट्रायकर मारला होता ते. या दोन जागांची अशी जोडी असते. एकीवर मारलं की दुसरी जागची हलत नाही.

याचा उपयोग दाराला आहे. दार धाडकन उघडून स्टॉपरवर आपटतं तेव्हा स्टॉपर दाराला झटका देतो. स्टॉपर बिजागरीपासून दोन तृतीयांश रुंदीवर असेल तर बिजागरीच्या कडेला त्या झटक्याने सरकावंसंच वाटत नाही, बिजागरीवर ताण येत नाही. ९० सेंटिमीटरच्या दाराला ६० सेंटिमीटरवर. स्टॉपर बिजागरीच्या अगदी जवळ ठोकलेला मी अनेक घरांत पाहतो; अशा घरांत काही वर्षांनी बिजागरीचे स्क्रू ढिले होतात. बॅटवर चेंडू तळाशी लागला की हाताला झिणझिण्या येतात, त्यातही ही जोडी आहे. चेंडू ठरावीक जागी लागला तर मुठीपाशी झटका जवळजवळ येत नाही. बॅट सगळीकडे सारख्या जाडीची नसते आणि ती थरथरतेही, म्हणून तिथे दोन तृतीयांशाचा आकडा चालत नाही.

बारा_तेराचा_पाना

मी गॅरेजवाला. सूत्रं तुमची, हात आमचे. थोडं लिहितो.

कारच्या चाकाच्या नटाला साधारण १०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, गाडीप्रमाणे थोडं कमीजास्त. पाना २५ सेंटिमीटरचा असेल तर टोकाला ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलोचा भार. तोच पाना पाइप घालून ५० केला तर २० किलो. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं.

लोक चुकतात ते दिशेत. नट जाम असला की पान्यावर पाय देतात, आणि पाना असतो तिरका वर उभा. वजन तर सरळ खालीच लागतं. पाना आडव्यापासून ६० अंश वर असेल तर निम्माच टॉर्क मिळतो. आधी पाना काढून असा बसवा की दांडा आडवा येईल, मग जोर द्या. आणि पाय द्यायचा तो नट सोडवताना. आवळताना पाय दिला की आटे जातात नाहीतर स्टड तुटतो. आवळायला टॉर्क रेंच, म्हणजे टॉर्क मोजणारा पाना.

आता वर चाललेल्या चर्चेतलं. बल वाटलं जात नाही हे मला पटतं, कारण ते मला हाताला लागतं. एका बाजूच्या पान्यावर ४०० न्यूटन दिला तर नट फिरतोच, पण तेच ४०० न्यूटन नटाला खालीही दाबतात. पाना नटावरून निसटतो तो त्यामुळेच. चार तोंडांचा क्रॉस पाना घ्या: एका हाताने खाली दाबा, दुसऱ्याने वर ओढा, दोन्हीकडे २००. प्रत्येक हात मध्यापासून २५ सेंटिमीटरवर, टॉर्क तोच १००. पण खाली आणि वर मिळून शून्य. नट नुसता फिरतो, बाजूला दाबला जात नाही. नवीन पोरांना मी क्रॉस पानाच देतो.

निवृत्त_मास्तर

वा! याला बलयुग्म म्हणतात, आणि इतकं स्वच्छ उदाहरण मी कधी फळ्यावर काढलं नाही. शाळेत आम्ही नळाच्या चावीवर भागवायचो.

कडीपत्ता

बल वाटलं जातं हा विषय माझ्यापुरता संपला, पान्याने आणि ठोकळ्याने मिळून संपवला. पण अक्ष कुठला धरायचा हे अजून अडतंय. दाराला बिजागरी, नटाला त्याचा मध्य. जमिनीवरून घरंगळणाऱ्या वस्तूचं काय? दोऱ्याची रीळ जमिनीवर ठेवा, दोरा खालच्या बाजूने येतोय, तो आडवा ओढा. रीळ माझ्याकडे येईल की दोरा सुटत जाऊन लांब पळेल? मध्याभोवती पाहिलं तर दोरा तिला उलट फिरवतोय असं वाटतं.

सहजच

मध्याभोवती हिशोब केला तर जमिनीचं घर्षणही धरावं लागतं, आणि ते किती हे आधी माहीत नसतं. म्हणून रीळ जमिनीला टेकते तो बिंदू धरा. घसरत नसेल तर तो बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, आणि घर्षण व जमिनीची वर ढकलणारी प्रतिक्रिया दोन्ही त्यातूनच जातात. त्यांचं आघूर्ण शून्य. राहिला फक्त दोरा. आडवा दोरा टेकण्याच्या बिंदूच्या थोडा वरून जातो, तुमच्याकडे ओढतो. म्हणून रीळ तुमच्याकडे घरंगळते, आणि दोरा सुटण्याऐवजी तिच्यावर गुंडाळला जातो.

कडेच्या चकतीची त्रिज्या २ सेंटिमीटर आणि दोरा गुंडाळलाय तिथली १ असेल, तर दोऱ्याचं टोक तुम्ही १ सेंटिमीटर ओढलं की रीळ २ सेंटिमीटर पुढे येते. 

आता दोरा हळूहळू वर उचला. त्याची रेषा मागे वाढवली तर ती टेकण्याच्या बिंदूच्या जवळ जवळ येते. वरच्या मापांना ६० अंशांवर ती बरोबर त्या बिंदूतून जाते: दोऱ्याचंही आघूर्ण शून्य. रीळ कुठेच घरंगळत नाही, फार ओढलं तर नुसती घसरते. त्याहून उभा ओढला की उलट्या दिशेला पळते.

गोदाकाठ

शिवणाच्या डब्यातली रीळ घेऊन पाहिलं. आमच्या रिळेची कड आणि दोऱ्याचा थर यांत फार फरक नाही, त्यामुळे तिचा कोन ६०पेक्षा बराच कमी येतो, जेमतेम तिशीच्या आसपास. लेकीने दोरा अर्ध्याहून जास्त उलगडून परत केलं तर कोन वाढला, तोच त्रिज्यांच्या भागाकारातून काढून ठेवला होता त्याच्या जवळ. गुळगुळीत फरशीवर रीळ आधीच घसरते. खाली वर्तमानपत्र घातलं तर नीट जमतं, कुणी करणार असेल तर ध्यानात ठेवा.

आता ती सायकलच्या मागे लागली आहे. सायकल नुसती सरळ धरायची, पायडल सर्वांत खाली, आणि त्या पायडलला दोरी बांधून मागे ओढायचं. सायकल पुढे जाईल की मागे? उत्तर मी विचारणार नाही, ती उद्या वाड्यात करून बघणार आहे. मास्तर, तुम्हीही इतक्यात सांगू नका.

निवृत्त_मास्तर

नाही सांगत. फक्त दोरी जमिनीला समांतर ठेवा, आणि पायडल जमिनीच्या मानाने कुठे सरकतं ते खडूने फरशीवर खूण करून बघा.